फ्लोरा पेणकरचा न बोललेला नवस

मी आयुष्यात एकही खोटी बातमी छापलेली नाही. काही बातम्या घडायच्या आधी छापल्या, एवढंच. त्यात माझा दोष नाही. जे लोक घडायला उशीर लावतात, त्यांचा आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्यातल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजात माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं. अमेरिकेतल्या संगणकाच्या कंपन्या बुडाल्या त्या बिन्यामिन झिराडकरमुळे, असं मानणारी काही घरं रास्ता पेठेत अजून आहेत. मी त्यांना विरोध करत नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातून एवढं मोठं काम झालं असं कोणी आपण होऊन म्हणत असेल, तर मध्ये तोंड कशाला घाला?

आमची रूबेन मराठी शाळा ज्यू मुलांसाठी काढलेली, पण पेठेतल्या सगळ्यांचीच पोरं तिथे यायची. शनिवारी शब्बाथ म्हणून सुट्टी, आणि रविवारी शाळा. म्हणजे सगळं पुणं रविवारी पर्वती चढत असे तेव्हा आम्ही पाढे म्हणत असू, आणि शनिवारी आम्ही मोकळे असू तेव्हा खेळायला बाहेर कुत्रं नसे. त्यामुळे आम्ही ज्यू, हिंदू, मुसलमान सगळे आपापसातच खेळलो आणि आपापसातच मारामाऱ्या केल्या. पुढे राष्ट्रीय एकात्मतेवर बरीच भाषणं ऐकली. एवढा सोपा उपाय कोणी सांगितला नाही.

मग इस्राएल देश झाला आणि एकेक घर तिकडे गेलं. कोणी लोदला, कोणी दिमोनाला. जे राहिले त्यांची मुलं संगणक शिकली आणि अमेरिकेकडे तोंड करून बसली. या सगळ्यांना एकमेकांची खबरबात कळावी म्हणून मी शाळेच्या नावाने 'रूबेन वार्ता' काढतो. चार पानं, वर्षातून चार वेळा. कोणाला नातू झाला, कोणाची बार मित्स्वा, म्हणजे आमच्यातली मुंज, झाली, कोणाचा गुडघा बदलला. पहिल्या पानावर माझं संपादकीय असतं, ते कोणी वाचत नाही. चौथ्या पानावर श्रद्धांजली असते, ती सगळे सर्वांत आधी वाचतात आणि आपण त्यात नाही हे बघून चहा घेतात.

छपाई कादरकडे. कादर माझा वर्गमित्र, बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानांच्या मागे त्याचा छापखाना. पूर्वी खिळे जुळवायचा, आता संगणक घेतलाय. वार्ता नेहमी शुक्रवारीच तयार होते, आणि तीही घाईत. कादर दुपारची नमाज उरकून, जेवून, डुलकी काढून गादीवर येतो, आणि माझा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. मग मी टेलिफोनलासुद्धा हात लावत नाही. त्या मधल्या फटीत आमचं वार्तापत्र निघतं. जगात इतका चिंचोळा वेळ कुठल्याही संपादकाला मिळाला नसेल.

नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यातला शुक्रवार. ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरलेलं. दीना, म्हणजे आमचं कुटुंब, शब्बाथच्या दिव्यांच्या वाती सारखी करत होती. तेवढ्यात कादरचा फोन.

"बेन्या, तिसऱ्या पानावर भोक पडलंय. फरसाणवाल्याने जाहिरात काढून घेतली."

"का?"

"मागच्या वेळी तू ती श्रद्धांजलीच्या खाली लावलीस. 'आमच्याकडे सर्व प्रकारची व्यवस्था होते' असं होतं त्यात. लोकांनी गैरसमज करून घेतला."

"मग दुसरं काहीतरी टाक."

"लग्नपत्रिकेतला गणपती आहे. केळीचे खांब आहेत. कलश आहे."

"आमच्या वार्तेत गणपती?"

"मग तोंडाने सांग, मी टाइप करतो. पण चटकन. सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार नाही."

"थांबला होता एकदा. आमच्या यहोशवासाठी, लढाई जिंकेपर्यंत."

"तो संपादक नव्हता. बोल!"

माणसाची खरी बुद्धी घाईत दिसते. मी डोळे मिटले आणि सांगितलं: "श्रीमती फ्लोराबाई पेणकर यांचे चिरंजीव योनाथन यांनी संगणकाचा उच्च अभ्यासक्रम पूर्ण केला असून, त्यांना अमेरिकेत नोकरी लागल्यास मलिदा करण्याचा नवस फ्लोराबाई एलियाहू हन्नाबीला बोलल्या आहेत."

पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्ध जागा भरायला. पण मला सांगा, तरणाताठा शिकलेला मुलगा घरात बसलेला असताना कोणती बेने इस्राएल आई हन्नाबीला नवस बोलत नाही? फ्लोरा आज ना उद्या बोललीच असती. मी तिची खेप वाचवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एलियाहू हन्नाबी हा आमचा नबी, आमच्या अडीअडचणीला धावणारा. तो आमच्या कोकणात येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळे गावच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. तिथून तो थेट स्वर्गात गेला. अलिबागहून थेट स्वर्ग, आणि व्हिसा लागला नाही. असा माणूस परदेशच्या कामाला उपयोगी पडणार नाही तर कोण? काम झालं की त्याच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा; वर फळं रचायची, प्रार्थना म्हणायची आणि ताटं सगळ्यांत वाटायची. नवस बोलून फेडला नाही तर काय होतं, हे आमच्यात कोणी सांगत नाही. सांगायची वेळ येऊ देत नाहीत.

अंक गेला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीखाली रिक्षा थांबली आणि तीतून फ्लोरा उतरली.

फ्लोरा शाळेत माझ्या मागच्या वर्गात होती. पुढे हॉस्पिटलात मेट्रन झाली. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण ती समोर येऊन उभी राहिली की माणसं अजून आपोआप जीभ बाहेर काढून दाखवतात.

"बिन्यामिन, हा नवस कोण बोललं?"

"तू."

"कधी?"

"बोलली नसशील तर आता बोल. छापून तर आलंय."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"मला तो जायला नकोय," ती म्हणाली. "दोन भाऊ लोदला. बहीण दिमोनाला. नवरा कबरस्तानात. घरात बोलायला एक योनाथन आहे, तोही मोजकंच बोलतो. हन्नाबीकडे मी काही मागितलंच असतं, तर याला स्वारगेटच्या पलीकडे नोकरी लागू देऊ नकोस, एवढंच मागितलं असतं."

"एवढंच ना? पुढच्या अंकात खुलासा टाकतो. 'फ्लोराबाई असा कोणताही नवस बोललेल्या नाहीत.' चौकटीत."

दीना चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. "अहो, असं कसं छापाल? त्याने वाचलं तर?"

"कोणी?"

"हन्नाबीने."

"आणि योनाथनने वाचलं तर?" फ्लोरा म्हणाली. "परवा अंक वाचून पोरगा माझ्या पाया पडला. म्हणाला, आई, मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील. गेलं वर्षभर विचारायचं धाडस होत नव्हतं त्याला. आता अर्ज भरत बसलाय. आता मी सांगू त्याला, की मी बोलले नाही, तो झिराडकर बोलला, कारण फरसाणवाल्याने जाहिरात काढून घेतली?"

मी चहा घेतला. तिने घेतला नाही.

त्या दिवसांत संगणकवाल्या कंपन्या दोन हजार साल उजाडलं की संगणक अडतील या भीतीने आणि मग उजाडलं म्हणून आनंदाने, सरसकट पोरं उचलत होत्या. माठाला टाय बांधून रांगेत उभं केलं असतं तर माठही न्यू जर्सीला गेला असता. योनाथन तर हुशार. उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं, व्हिसा आला, आणि तो गेला. विमानतळावर फ्लोरा खंबीर होती म्हणे. मी गेलो नव्हतो. मला बोलावलं नव्हतं.

तो गेला आणि प्रश्न आला: मलिदा कोणी करायचा?

"मी नाही करणार," फ्लोराने सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं. "मी मागितलंच नाही."

"पण नाव तुझं आहे," मी म्हणालो.

"तोंड तुझं होतं."

शेवटी प्रकरण हज्जानसाहेबांकडे गेलं. हज्जान म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि निकाल दिला: "नवस तोंडाने होतो. ज्याचं तोंड त्याचा नवस. बिन्यामिन फेडेल."

"साहेब, मी फक्त टाइप केला," कादर घाबरून म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"तू नारळ फोड."

एवढ्यावर भागलं असतं. एक मलिदा म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. पण हज्जानसाहेबांचा निकाल समाजात फिरला, आणि लोकांनी त्यातून दोन गोष्टी बरोबर उचलल्या. एक, वार्तेत छापलेला नवस हन्नाबीपर्यंत पोचतो. दोन, तो फेडायचा झिराडकरने.

पुढच्या अंकाच्या वेळी माझ्या घरी जी रीघ लागली ती काय सांगू! भाच्याला सिंगापूर, पुतणीला कॅलिफोर्निया. एक गृहस्थ वार्तेला घरची एक बातमी कधी न पाठवणारे. ते मेव्हण्याच्या ग्रीन कार्डासाठी दोनदा येऊन गेले. मी म्हणालो, आपण स्वतः बोला ना नवस. तर म्हणाले, "छे हो, आपल्या शब्दाला वजन आहे." आयुष्यभर माझं संपादकीय न वाचणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? माणूस अपमान गिळू शकतो. कौतुक गिळणं फार कठीण.

एका संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव आले. मूळचे अकोल्याकडचे, आवाजाने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि सोसायटीच्या नियमांच्या बाबतीत अत्यंत लहान.

"झिराडकर साहेब, आमच्या अभिनवचंही टाका ना बाप्पा. टेक्सासची कंपनी आहे."

"अहो हिंमतराव, ते आमच्या शाळेचं पत्रक आहे. आणि आपण हिंदू."

"म्हणून काय झालं? तुमचा देव काय जात विचारते काय?"

"देव नाही हो, नबी. देवाचा माणूस."

"मग तर झकास. साहेबापेक्षा त्याचा पीए गाठलेला बरा. काम लवकर होते."

अभिनवचंही छापलं. 'शाळेच्या हितचिंतकांकडून' या मथळ्याखाली. अभिनव गणपतीच्या आत टेक्सासला पोचला.

आता फेडायचे नवस इतके झाले की मी ठरवलं, सगळ्यांचा मिळून एकच मोठा मलिदा करायचा, आमच्या गच्चीवर. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते. हिंमतरावांनी सभा बोलावली. ज्यांच्या मुलाला मी टेक्सासला पाठवलं त्यांनीच मला विचारलं, "कार्यक्रमाचं स्वरूप काय?"

मी स्वरूप सांगितलं. पोहे हा शब्द ऐकताच सभा जागी झाली. तळमजल्याच्या द्वारकाबाई म्हणाल्या, कांदा बारीक चिरा. मी म्हणालो, कांदा नसतो. म्हणाल्या, मग दडपे करा. मी म्हणालो, गोड असतात. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमच्या समाजाकडे गेल्या दोन हजार वर्षांत या देशात कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जाड पोहे घ्या म्हणून सांगितलं. तिसऱ्यावरच्यांनी पातळ. खोबऱ्याने कबुतरं येतात असा मुद्दा निघाला, त्यावर अर्धा तास गेला. शेवटी परवानगी मिळाली, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर.

वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी व्हायचं होतं. ते पावसाळ्यानंतर सुरू झालं. मग आमचे सण आले, उपास आले. मग डांबर वाळेना.

दरम्यान मी मार्केट यार्डात पोह्यांची पोती सांगून ठेवली होती. कुठून कुणास ठाऊक, 'निवासी इमारतीच्या गच्चीवर विनापरवाना खानावळ' अशी एक नोटीस मला आली. मी कागद घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेलो. टेबलामागे एक गृहस्थ पान लावत होते.

"खानावळ नाही, धार्मिक कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"धर्म?"

"ज्यू."

"म्हणजे ख्रिश्चन."

"नाही."

"मग मुसलमान."

"नाही."

"आडनाव झिराडकर. म्हणजे कोकणातले ना तुम्ही?"

"कोकणातलेच. बऱ्याच आधीपासूनचे."

"मग असं करा, इतर लिहा. इतरला वेगळा अर्ज आहे. तो इथे मिळत नाही."

तो जिथे मिळतो तिथे सांगितलं की इथे संपला. दोन महिन्यांनी पान लावणारे गृहस्थच एकदा मला बाहेर गाठून म्हणाले, "नोटिशीचं बघतो मी. तुमच्या त्या पत्रकात माझ्या बदलीचं काही जमेल का?" त्यांचंही छापलं. बातमी ही शेवटी लोकांच्या सेवेसाठीच असते.

तर अशा रीतीने मलिदा पुढे पुढे गेला. आणि तिकडे, दोन हजार एक उजाडताच, अमेरिकेत कंपन्या बुडायला लागल्या.

आधी सिंगापूरवाला भाचा परतला. मग कॅलिफोर्नियाच्या पुतणीने फोन केला की पगार अर्धा झालाय. एका सकाळी हिंमतराव माझ्या दारात.

"साहेब, आमच्या अभिनवला बेंचवर बसवलं."

"म्हणजे?"

"कामच नाही. नुसतं बसा म्हणते. शाळेत बाकावर उभा राहायचा, आता तिथं बसते. मी विचारतो साहेब, मलिद्याचं काय झालं?"

"अहो, तुम्हीच डांबर—"

"मी सेक्रेटरी म्हणून विचारत नाही. बाप म्हणून विचारतो."

दुपारपर्यंत जिन्यात माणसं मावेनात. रास्ता पेठेतून दोन रिक्षा भरून आले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच: नवस फळला, फेडला नाही, म्हणून फळ परत गेलं. मी कळवळून सांगितलं, "अहो, अख्ख्या अमेरिकेत कंपन्या बुडताहेत! तिथल्या गोऱ्यांच्यासुद्धा!"

"हो, पण का बुडताहेत?" मेव्हण्याच्या ग्रीन कार्डवाले गृहस्थ म्हणाले.

याचं उत्तर तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनाही त्या वेळी येत नव्हतं. आमच्या समाजापाशी मात्र उत्तर तयार होतं, आणि ते माझ्याकडे बघत उभं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर माझी छाती फुगली. बिबवेवाडीत एक माणूस पोहे भिजवत नाही आणि न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळतो! मग दीनाने मला आत ओढलं.

गर्दी पांगल्यावर फ्लोरा आली. इतके महिने ती माझ्याशी बोलली नव्हती. सिनेगॉगमध्येही मला ओलांडून माझ्या मागच्या भिंतीला शालोम म्हणायची.

"योनाथनची नोकरी गेली," ती म्हणाली.

मी, गाढव, म्हणालो, "मग येईल आता घरी. तुला तर तेच—"

"तो फोनवर रडला, बिन्यामिन. लहानपणी हात मोडला होता तेव्हा रडला नव्हता. आई, तुझा नवस मी वाया घालवला, असं म्हणाला. मला तो परत हवा होता. असा हरलेला नको होता."

दीना तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मलिदा कर," फ्लोरा म्हणाली. "डांबर वाळो न वाळो. मी येते पोहे भिजवायला."

आणि मलिदा झाला. पुढच्याच रविवारी. हिंमतरावांनी स्वतः डांबरावर सतरंज्या अंथरल्या. त्या नंतर निघाल्या नाहीत, अजून तिथेच आहेत. कादर सकाळपासून नारळ फोडत होता आणि दर नारळामागे "मी फक्त टाइप केला होता" असं म्हणत होता. द्वारकाबाईंनी गोड पोहे चाखले आणि डबा भरून खाली नेला. फ्लोराने परातीत कोपरापर्यंत हात घालून खोबरं कालवलं. मी प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हा हन्नाबीला मनात म्हणालो, बाबा रे, इथून पुढे माझं वाचत जाऊ नकोस.

अभिनवला बेंचवरून उठवून डॅलसला पाठवलं. पुतणीचा पगार पूर्ववत झाला. पानवाल्या गृहस्थांची बदली झाली, पण त्यांना नको तिथे. योनाथन मात्र महिन्याभरात दोन बॅगा घेऊन घरी परतला.

यावर समाजात बरीच चर्चा झाली. बाकीच्यांचं काम झालं, हिच्याच मुलाचं का नाही? हज्जानसाहेब म्हणाले, बाकीच्यांनी निदान बिन्यामिनला सांगितलं तरी होतं. हिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. न मागितलेलं हन्नाबीने परत नेलं असेल.

पोरगा घरी होता. आई-मुलगा एका छपराखाली होते. फ्लोराला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि घरात कोणी बोलत नव्हतं. योनाथन दिवसभर खिडकीशी बसायचा. शेजाऱ्यांनी अमेरिकेचं काही विचारू नये म्हणून दूध आणायलाही उतरायचा नाही. दीना दोनदा जाऊन आली. म्हणाली, अहो, ते घर बघवत नाही.

मग एका शुक्रवारी मी कादरच्या छापखान्यात प्रुफं बघत असताना फ्लोरा तिथे आली. जिना चढून धाप लागली होती. कादरने उठून खुर्ची दिली.

"लिही," ती त्याला म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फ्लोरा पेणकर नवस बोलते, की माझ्या योनाथनला नोकरी लागली तर मी मलिदा करीन. मी. माझ्या घरी, माझ्या हाताने."

कादरची बोटं चालली, आणि थांबली. "कुठे लागली तर? गाव सांग. सगळे गाव घालतात."

खाली गल्लीत कोणीतरी रेडिओचं बटण फिरवून फिरवून स्टेशन शोधत होतं. फ्लोराला पुणं म्हणायचं होतं. तिच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं, आणि मी मदत करावी म्हणून तोंड उघडलं.

"तू गप्प बैस," ती म्हणाली. मग कादरला म्हणाली, "गावाचं नाव घालू नकोस. त्याला बरं वाटेल तिथे."

कादरने तसंच छापलं. मी त्यात एक शब्द घातला नाही. घालायला सुचत होते, नाही असं नाही.

हन्नाबीचं मला कौतुक वाटतं ते इथे. गाव दिलेलं नव्हतं, तेव्हा त्याने दोन्ही गावं दिली. योनाथनला नोकरी लागली ती पुण्यातच, नव्याने निघालेल्या एका काचेच्या इमारतीत. पण काम अमेरिकेतल्या बँकेचे संगणक सांभाळायचं. तिथे दिवस असेल तेव्हा. म्हणजे पोरगा संध्याकाळी अमेरिकेला जातो आणि सकाळी रास्ता पेठेत परत येतो. जीप सोडायला येते. महिन्यातच त्याच्या चेहऱ्यावर तजेला आला. दूध तोच आणायला लागला, कारण दूधवाला आणि तो एकाच वेळी घरी पोचायचे.

फ्लोराने मलिद्याला सगळ्यांना सकाळी सहाला बोलावलं. "तो जागा असतो तीच वेळ," असं निमंत्रणात स्पष्ट होतं. आम्ही बिबवेवाडीहून अंधारातच निघालो. हिंमतरावही आले, डबा घेऊन. हज्जानसाहेब जांभया देत होते. खोलीच्या मधोमध परात, पोह्यांवर केळी, सफरचंदं, खजूर, मधोमध गुलाबाचं फूल. फ्लोराने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. जीप आली. योनाथन वर आला, हातपाय धुऊन आईशेजारी येऊन बसला, भिंतीला पाठ टेकून. डोक्यावर टोपी नीट केली.

हज्जानसाहेबांनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला. आमची ही प्रार्थना दणदणीत आवाजात म्हणायची असते. हन्नाबी कुठेही असला तरी त्याला ऐकू गेली पाहिजे. त्यांनी पहिला शब्द उच्चारला आणि योनाथनची मान हळूहळू कलत आईच्या खांद्यावर आली. झोपलाच.

फ्लोरा हलली नाही. तो खांदा तसाच ठेवून तिने मोकळा हात वर केला, आणि सगळ्यांकडे एक मेट्रनची नजर टाकली.

"हळू म्हणा," ती म्हणाली.

आणि मग आम्ही सगळ्यांनी, हज्जानसाहेबांनी, दीनाने, मी, दाराशी उभ्या कादरने आणि काहीही येत नसलेल्या हिंमतरावांनी, सबंध प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत कुजबुजत म्हटली.